पाटावरचं पुस्तक

टाकळगव्हाणात पीरमहंमद पिंजाऱ्याला नावानं हाक मारणारा माणूस शोधूनही सापडला नसता. शाळेतल्या पोरांपासून पाटलापर्यंत सगळे त्याला वस्तादच म्हणायचे. तेहतीस वर्षं त्यानं गावच्या तालमीत लाठी शिकवली. कापूस पिंजणं हा पोटाचा धंदा, पण जीव सगळा तालमीत. मोडलेली हाडंही तोच बसवायचा, कारण ज्याच्या हाताखाली हाडं मोडतात त्यानंच ती बसवायची अशी तालमीची रीत. बायको जिवंत होती तोवर म्हणायची, की माझा निकाह माणसाशी नाही, तालमीच्या भिंतीशी लागलाय. त्यात फारसं खोटं नव्हतं. वस्तादाचं घर आणि तालीम यांच्यात एकच भिंत होती, आणि तिकडं कुणाची लाठी चुकली की इकडं वस्तादाच्या हातातला घास थांबायचा.

तालमीत मारुतीच्या कोनाड्याखाली एक सागवानी पाट होता. तो वस्तादाचा. आधी मारुतीला नमस्कार, मग पाटासमोर येऊन वस्तादाला सलामी, आणि मगच लाठीला हात, असा नेम. वस्ताद आजारी असला तर पोरं मोकळ्या पाटाला सलामी द्यायची. मारुतीला दर शनिवारी तेल जायचं ते वस्तादाच्या घरून. त्याला मारुतीची कधी हरकत नव्हती आणि गावाचीही नव्हती.

गाव शेवगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावर. नदीच्या अल्याड आपला मुलूख, पल्याड निजामाची हद्द. एरवी ह्या हद्दीचं कुणाला फारसं काही नव्हतं. लेकी पल्याड दिलेल्या, बैल पल्याडच्या बाजारातून आणलेले. पण अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा निराळा निघाला. पल्याडून रझाकारांच्या बातम्या यायला लागल्या, आणि बातम्यांच्या मागोमाग डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं. गाव भ्यालं, आणि भिण्यासारखंच होतं ते. कमिटी झाली. पहारा ठरला, तरण्या गड्यांनी झाडून सगळ्यांनी लाठी शिकायची असंही ठरलं. आणि शिकवणार कोण, ह्या एका प्रश्नाशी कमिटीचा गाडा रुतला, कारण गावातला एकुलता एक वस्ताद मुसलमान होता.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. वाईट सांगायचं असलं की आपलं गाव फार गोड होतं. एका दुपारी आबासाहेब वस्तादाच्या ओट्यावर येऊन बसले. आबासाहेब म्हणजे कमिटीचे मुख्य, गावातले मोठे बागायतदार, आणि तरुणपणी सहा वर्षं वस्तादाच्या शिव्या खाऊन तयार झालेला गडी. त्यांच्याबरोबर शाळेचे शामकांत मास्तर होते. मास्तरांच्या काखेत तीन पुस्तकं होती आणि ते सारखे धोतराचा सोगा सारखा करत होते.

"वस्ताद, आता तुमचं वय झालं," आबासाहेब म्हणाले. "किती दिस घसा फोडायचा? कमिटीनं ठरिवलंय, लाठी पुस्तकावरनं शिकायची. मास्तर वाचतील, पोरं करतील. तुमी आता घरी निवांत बसा."

 पिंजायची धनुकली मांडीवर होती ती वस्तादानं खाली ठेवली.

"नगरच्या दुकानदाराकडून तीन पुस्तकं दाखवायला आणली आहेत," मास्तर म्हणाले. "एक ठेवायचं, दोन परत करायची. पण आम्हाला कुणाला त्यातलं काही कळत नाही. तेव्हा आबासाहेबांचं म्हणणं, की तुम्हीच निवडून द्यावं."

"सोमवारी चावडीवर या अन् सांगा," आबासाहेब म्हणाले. "तुमच्याबिगर हे कुनाला जमनार हाय?"

म्हणजे आपल्या पाटावर कोण बसणार तेही आपणच निवडून द्यायचं. आणि हे सांगताना आबासाहेबांना काही वाटलंच नाही असंही नाही. जाताना त्यांनी नेहमीसारखी सलामी दिली, पण डोळे वर केले नाहीत.

त्या संध्याकाळी वस्ताद घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिला. घर ते केवढं, चार पावलांवर भिंत. त्याची सून खुर्शीद चुलीपुढं बसून बघत होती. तिचा नवरा फक्रुद्दीन नगरला टांगा हाकायचा, महिन्यातून एकदा यायचा. घरात ही दोघंच. त्यांचं बोलणं अर्धं दखनी, अर्धं गावचं.

"निवडत न्हाई म्हनून सांगा, अब्बा."

"म्हंजी म्हनतील, म्हाताऱ्याला गावानं शिकू नये असं वाटतंय. ह्याच्या मनात काय तरी हाय."

"मग कुठलं तरी द्या काढून."

"अन् पोरांची डोकी फुटल्यावर? म्हनतील मुद्दाम वंगाळ निवडलं."

"मग नगरला चला. त्यांनी दोनदा निरोप धाडलाय."

"आज घर सोडलं की उद्या म्हनतील, पळाला. पल्याडच्यांना सामील हुता."

 चारी बाजूंनी दार लावून घेतल्यासारखं झालं होतं, आणि राहता राहिला मार्ग एकच: खरोखरीचं चांगलं पुस्तक निवडायचं आणि आपण होऊन घरी बसायचं.

दुसऱ्या दिवशी वस्तादानं तिन्ही पुस्तकं घोंगडीवर मांडली. त्याला अक्षर येत नव्हतं. हे गावाला माहीत होतं, पण पुस्तकं देताना कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि वस्तादानं त्याची आठवण करून द्यायचा प्रश्नच नव्हता. खुर्शीद शेवगावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिथल्या बाईंनी तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती: सांगतील तेवढंच लिहायचं, त्यात मनचं घालायचं नाही आणि सांगितलेलं गाळायचं नाही. ती वाचून दाखवायला बसली, तर वस्ताद म्हणाला, "थांब. आदी पाय बघू."

पहिलं पुस्तक जाडजूड, लाल कापडात बांधलेलं, वर सोनेरी अक्षरं. आत पहिली शंभर पानं ब्रह्मचर्य, दूध आणि सूर्यनमस्कार यांची. मग फोटो. एक गोरा, तेल लावून भांग काढलेला गृहस्थ दोन्ही टाचा जुळवून उभा, आणि डोक्यावर लाठी आडवी, अगदी सरळ धरलेली. वस्तादानं पंजानं त्याचा चेहरा झाकला आणि नुसते पाय बघितले.

"हा लाठी अडवायला हुबा न्हाई. फोटू काढायला हुबा हाय," तो म्हणाला. "आन लाठी बघ कशी धरलीय. सरळ. वरनं वार बसला की घसरत येनार अन् बोटावर पडनार. टाचा जुळवल्यात, म्हंजी मागं सराया पाय न्हाई. ह्या बाबाची बोटं अजून जाग्यावर हायेत, कारन ह्याला कुनी मारलंच न्हाई."

दुसऱ्या पुस्तकात फोटो नव्हते, चित्रं होती. वस्तादानं एक चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग खुर्शीदपुढं केलं. चित्रकारानं त्या पहिलवानाला दोन्ही पाय उजवेच काढले होते. खुर्शीद पदर तोंडाला लावून हसली.

तिसरं पुस्तक बारकं. कागद खरबरीत, शिलाई सुटायला आलेली, फोटो काळपट. त्यातल्या माणसाचा चेहराही धड दिसत नव्हता. अनवाणी, बोटं मातीत रुतलेली, मागची टाच किंचित उचललेली, आणि डोक्यावरची लाठी तिरपी. वार आला तर घसरून बाजूला जावा अशी. वस्ताद बराच वेळ त्या पानावरून हलला नाही. मग त्यानं नखानं एक जागा दाखवली. फोटोतल्या माणसाची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती.

"मोडल्यालं बोट वाकडं बसलंय. ह्यानं मार खाल्लाय, खुर्शीद. मार खाल्ल्याला मानूस खोटं न्हाई शिकवायचा."

आबासाहेब येऊन गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा उतरला. पुस्तक खरंच चांगलं होतं. ते बघून शिकणारा गडी अगदीच दगड नसला तर त्याला निदान उभं राहता आलं असतं. आजवर वस्तादाला आत कुठंतरी वाटत होतं, की पुस्तकात लाठी येतच नसणार. आता तीच त्याच्या मांडीवर उघडी पडली होती आणि त्याला भीती वाटली. मरणाची वाटते तशी नाही. आपण असलो काय नि नसलो काय, अशी.

सोमवारी तो निघाला तेव्हा खुर्शीदनं दारात अडवलं. "अब्बा, तुमी जे म्हनाल त्याच्या उलटं ते घेतील. तुमी जाडं चांगलं म्हना. मग बारकं घेतील."

वस्तादानं विचार केला. पोरगी शहाणी होती. "अन् समजा त्यांनी माझं ऐकलं तर?"

ती दारातून बाजूला झाली. "आन दुसरं," तो म्हणाला, "कापसात वजन मारलंय मी कदी कदी, अल्ला माफ करो. लाठीत कदी खोटं बोललो न्हाई."

चावडीवर त्यानं बारकं पुस्तक पुढं ठेवलं. पाय दाखवले, टाच दाखवली, लाठीचा तिरपेपणा दाखवला. स्वतः उभा राहून दाखवायला लागला, पण मधेच त्याच्या ध्यानात आलं की लोक त्याच्या पायांकडं बघतच नाहीयेत. ते लाल बांधणीच्या पुस्तकाकडं बघत होते. तेवढं मोठं, सोन्याच्या अक्षरांचं, आणि हा म्हणतो ते नको.

मागून कुणीतरी म्हणालं, "तिन्हीत फाटकं तेच बरं हुडकलं वस्तादानं. गावानं फाटकंच शिकावं व्हय?"

वस्तादानं आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेबांनी त्या माणसाला गप्प करायला हवं होतं. ते पानाला चुना लावत बसले. वस्तादाला बाकीच्या गावाचं काही वाटलं नाही, पण ह्या एका माणसाच्या गप्प बसण्याचं त्याला फार लागलं, आणि ते तो पुढं कधी विसरला नाही.

जाडं पुस्तक ठरलं. लोक पांगल्यावर शामकांत मास्तरांनी बारकं पुस्तक वस्तादाच्या हातात दिलं. "हे राहू द्या तुमच्यापाशी. दुकानदाराचं मी बघतो," असं म्हणून ते भराभर निघून गेले.

मग घरात बसणं सुरू झालं. आबासाहेबांनी निरोप धाडला, की नदीकडं जाऊ नका, लोकांचं तोंड धरता येत नाही. म्हणून नदी बंद. गाद्या पिंजायला कुणी कापूस आणेना, म्हणून धनुकली खुंटीला. शनिवारचं तेल खुर्शीद घेऊन गेली, तर तालमीच्या दारातल्या पहारेकऱ्यानं ते बाहेरच ठेवून घेतलं. पाहुणे यायचे बंद झाले. मशिदीपर्यंत जायचं आणि यायचं, तेही खाली बघून. आणि रोज दिवस कलला की भिंतीपलीकडं तालीम भरायची.

पहिल्या दिवशी वस्ताद कान लावून बसला होता. मारुतीचा जयजयकार झाला. मग नेहमीप्रमाणे सलामीची आरोळी झाली आणि तो दचकून सरळ बसला. मग कळलं. पाट मोकळा राहू नये म्हणून त्यावर पुस्तक ठेवलं होतं. सलामी त्याला होती.

"काय सांगू तुला," तो खुर्शीदला म्हणाला, "मी मेलो असतो अन् पाट मोकळा ठिवला असता तर चाललं असतं मला."

मास्तर स्वच्छ आवाजात वाचायचे, लाठ्या वाजायच्या, आणि प्रत्येक चुकीचा आवाज भिंतीतून घरात यायचा. टाच न उचलता टाकलेलं पाऊल वस्तादाला ऐकू येतं म्हणे. खुर्शीद म्हणते येतं. तो कानावर हात ठेवायचा, काढायचा, मग भिंतीला तोंड लावून पुटपुटायचा. तिकडं ओरडून सांगायची सोय नव्हती. एक दिवस तो डोकं भिंतीवर टेकवून तसाच राहिला, तेव्हा खुर्शीद घाबरली. तिनं बारकं पुस्तक उघडलं, शिसपेन्सिलीचा तुकडा हुडकला आणि म्हणाली, "अब्बा, ह्यात जे न्हाई ते सांगा. मी बाजूला लिवते."

"लिवून काय करायचं? कोन वाचनार हाय?"

"कुनी न्हाई. सांगा तरी."

तेव्हापासून रोजचा तो धंदा झाला. तालीम भरली की खुर्शीद पुस्तक घेऊन बसायची. वाचायची, वस्ताद ऐकायचा, आणि मग समोर एखादा गडी उभा असल्यासारखा बोलायचा. दीड महिन्यात पुस्तकाच्या सगळ्या कडा पेन्सिलीनं भरून गेल्या. शेवटी तिनं पिठाच्या पिशवीचा कागद कापून मधे चिकटवला. वस्तादाला वाटे, हा पोरीनं मला गुंतवून ठेवायचा डाव केलाय. होताच तो. पण त्यामुळं तो जेवायला लागला.

आषाढातली गोष्ट. भिंतीपलीकडं लाठ्या वाजत होत्या आणि एकदम एक निराळा आवाज आला. लाठीवर लाठी नाही. मागोमाग किंकाळी. वस्ताद उठून उभा राहिला आणि दारापर्यंत जाऊन थांबला. त्याला जाता येत नव्हतं. आपल्याच तालमीत कुणाचं तरी हाड मोडलंय आणि आपण कडीला हात घालून उभे आहोत, असं त्याच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं.

थोड्या वेळानं दार वाजलं. आबासाहेब होते, आणि त्यांनी खांद्याला धरून आणलेला त्यांचा थोरला मुलगा श्रीमंत. श्रीमंताच्या उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. मागं मास्तर उभे होते, पांढरेफटक.

 वस्तादानं श्रीमंताला घोंगडीवर बसवलं, मनगट गुडघ्यात धरलं, आणि "खुर्शीदबी, कापूस," एवढंच म्हणाला. बोटं जागेवर ओढताना श्रीमंत बेशुद्ध पडायच्या बेतात आला. वस्तादानं आंबेहळदीचा लेप दिला, बांबूच्या कांबट्या लावल्या, आपल्या घरच्या मऊ कापसात हात गुंडाळून पट्टी बांधली. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "लाठी सरळ धरली हुती?"

"फोटूत तशीच हाय, वस्ताद," श्रीमंत म्हणाला.

"टाचा?"

"जुळवल्या हुत्या."

आबासाहेब ओट्यावर बसले होते तसेच खाली बघत म्हणाले, "वस्ताद, चुकलं आमचं. उद्यापासनं तालमीत या."

हे शब्द ऐकायला दोन महिने वस्ताद जीव टाकत होता. खुर्शीदनं हातातलं काम थांबवलं. वस्तादानं उरलेली कांबटी खाली ठेवली.

"कसा येऊ, आबासाहेब? आज पुस्तकामुळं बोट मोडलं. तुमी पुस्तक मिटलं, लेकराला हितं आनलं. उद्या मी हुबा असताना कुनाचं मोडलं तर काय म्हनाल? लाठी म्हनली की बोटं मोडनारच. तुमची दोनदा मोडली हायेत, मीच बसवली. तवा तुमी म्हनला नव्हता की मुसलमानानं मोडली."

"मी न्हाई म्हननार."

"तुमी न्हाई म्हननार. चावडीवर दुसरा कुनी म्हनंल, अन् तुमी चुना लावत बसाल."

 शपथ घेऊन सांगावं असं आबासाहेबांपाशी काही नव्हतं, आणि निदान ते खोटं बोलले नाहीत. वस्तादानं फळीवरून बारकं पुस्तक काढलं आणि श्रीमंताच्या चांगल्या हातात दिलं. "हे वाचा म्हनावं. ते लाल पुस्तक पेटीत घाला." खुर्शीद काहीतरी सांगायला पुढं झाली, पण तोवर माणसं अंगणात उतरली होती.

दुसऱ्या दिवशी वस्ताद भिंतीशी बसला नाही. मुद्दाम चुलीकडं तोंड करून बसला. तिकडं जयजयकार झाला, सलामी झाली. मग मास्तरांचा आवाज आला.

"'उजवा पाय पुढे टाकून डावा पाय हातभर मागे ठेवावा. शरीराचा भार दोन्ही पायांवर समान असावा.'" मास्तर थांबले. खाकरले. "इथं बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय. तेही वाचू का?"

"वाचा," आबासाहेबांचा आवाज.

"'टाच उचल, गाढवा,'" मास्तर शुद्ध, स्वच्छ आवाजात वाचायला लागले. "'जमीन काय तुझ्या बापाची हाय, चिकटून बसायला? मागची टाच उचल म्हंतो. एवढीच, मुंगी जाईल येवडी. आन लाठीकडं बघू नगं, मुडद्या, त्याच्या खांद्याकडं बघ. खांदा आदी हलतो. हां. आत्ता कसं. शाब्बास रे माझ्या वाघा.'"

वस्तादानं खुर्शीदकडं बघितलं. ती लालबुंद झाली होती. "शिव्याबी लिवल्यास?"

"तुमी सांगितलं तेवढं लिवलं," ती खालच्या आवाजात म्हणाली.

पलीकडं हसण्याचा फवारा उडाला. तीस-चाळीस गडी हसत होते. वस्तादानं मान खाली घातली. आणि मग आबासाहेबांचा आवाज आला, मोठा.

"हसू नगा रं. वस्ताद सांगत्यात. टाच उचला."

हसणं थांबलं. लाठ्या उठल्या, पावलं पडली. पहिल्यांदा चुकली. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, गाढवासकट. दुसऱ्यांदा पावलं पडली ती वस्तादानं ऐकली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. तो उठला होता. चूल आणि खुंटीवरची धनुकली यांच्या मधल्या अडीच हात जागेत तो उजवा पाय पुढं टाकून उभा होता, हातात काही नव्हतं, आणि मागची टाच उचललेली होती. पुढचं पाऊल टाकायला जागा नव्हती. खुर्शीदनं त्याच्या पायाशी असलेली कळशी उचलून बाजूला ठेवली.